व्हॅलोरंट गेम चेंजर्सचा रिव्ह्यू: मुलींची वेगळी टूर्नामेंट हवी की नको?

माझं मत आधीच सांगून टाकते, हवी, आणि आत्ता जेवढी आहे त्याहून जास्त हवी. रायट गेम्सने 2021 मध्ये आपल्या व्हॅलोरंट या ऑनलाइन शूटिंग गेमसाठी गेम चेंजर्स ही स्पर्धा सुरू केली, स्त्रिया आणि ट्रान्स, नॉन-बायनरी अशा खेळाडूंसाठी, आणि तेव्हापासून प्रत्येक सीझनला कोणीतरी येऊन तेच विचारतं की कुस्ती असती तर समजलं असतं, माऊस हलवायला कसली आलीये ताकद, मग वेगळं कशाला? ताकदीचा प्रश्न नाहीचे मुळात. प्रश्न माइकचा आहे.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पाच विरुद्ध पाच, आधी 13 राउंड घेईल तो जिंकला, आणि सगळा खेळ चालतो बोलण्यावर. समजा मी बाइंड नावाच्या मॅपवर (म्हणजे खेळाच्या मैदानावर) बी साइट, म्हणजे बॉम्ब लावायची एक जागा, राखत बसलेय, आणि हुक्का नावाच्या शेजारच्या खोलीत शत्रूच्या दोघांची पावलं ऐकू आली, तर ते त्याच क्षणी टीमला सांगावं लागतं. आता मुलीने अनोळखी चौघांसोबत माइक ऑन करून "हुक्कात दोन" एवढंच म्हटलं तरी बऱ्याचदा पलीकडून पहिलं वाक्य येतं "अरे मुलगी आहे का", मग हसणं, मग कोणाची तरी घाण कमेंट, आणि या सगळ्या गोंगाटात पावलं ऐकू येत नाहीत, स्पाइक (गेममधला बॉम्ब) लागून जातो, आणि राउंड गेला म्हणून शिव्या परत तिलाच. मग मुली काय करतात, माइक बंद करतात. माइक बंद ठेवून रँक थोडीफार चढते हो, पण कॉल द्यायला, प्रेशरमध्ये चार जणांना सोबत घेऊन राउंड चालवायला कधी शिकणार? आणि प्रो टीमला नेमकं तेच हवं असतं, नुसता एम (नेम) चांगला असलेले ढिगाने मिळतात.

"मग स्कार्लेट कशी जिंकली" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. स्कार्लेट म्हणजे कॅनडाची गेमर. जिंकली ना, 2018 ला प्योंगचांगच्या आयईएम स्पर्धेत स्टारक्राफ्ट 2 या गेममध्ये फायनलला सोस नावाच्या कोरियन खेळाडूला हरवून जिंकली. 2019 ला चीनच्या ली शियाओमेंगने हर्थस्टोन या पत्त्यांच्या गेमची ग्लोबल फायनल जिंकली. पण हे दोन्ही गेम एकट्याने खेळायचे आहेत! तिथे तुम्हाला टीममध्ये घ्यायला कोणी लागत नाही, ट्रायआउटला बोलवायला कोणी लागत नाही. टीम गेममध्ये काय झालं ते बघा, कोरियाच्या गेगुरी या खेळाडूवर 2016 ला ओव्हरवॉच या टीम गेममध्ये चीट वापरते म्हणून आरोप झाला, स्टुडिओत कॅमेऱ्यासमोर बसून खेळून दाखवावं लागलं तिला, आणि मग कुठे 2018 ला शांघाय ड्रॅगन्स टीममधून ती ओव्हरवॉच लीगमध्ये आली. प्रत्येकीने हे असं करून दाखवायचं का?

आता टूर्नामेंटबद्दल. बघायला एकदम मस्त, कास्टिंग (कॉमेंट्री), ऑब्झर्व्हिंग (गेममधला कॅमेरा), स्टेज, कुठेही "मुलींचं आहे, चालेल कसंही" असं वाटत नाही. 2022 ची बर्लिनची वर्ल्ड फायनल तर मी कोणालाही दाखवेन, पाच मॅपच्या मॅचमध्ये जी2 गोझेन ही टीम दोन मॅप हरून बसलेली, समोरची शॉपिफाय रिबेलियन आणखी एक मॅप जिंकली की ट्रॉफी त्यांची, आणि तिथून जी2 ने सलग तीन मॅप काढले. त्या टीममध्ये जुलियानो होती जी कितीतरी वर्षं काउंटर-स्ट्राइक खेळून इकडे आली, म्हणजे अनुभव असलेली माणसं दबावात कशी खेळतात ते दिसतं. अशा मॅचेस खेळूनच तर तयारी होते, घरी एकटीने डेथमॅच (ज्यात टीम नसते, नुसती नेमबाजी) मारून होत नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. सुरुवातीच्या राउंड्समध्ये बरेचदा एकतर्फी मॅच होतात, वरच्या दोन-तीन टीम आणि बाकीच्यांमध्ये फार गॅप आहे. शॉपिफाय 2022 ला दुसरी, नंतर 2023 आणि 2024 दोन्ही वेळा चॅम्पियन. भारी टीम आहे, वादच नाही, पण दोनदा वर्ल्ड टायटल जिंकल्यावर पुढे काय? 2025 ला तिथली एक खेळाडू एपेक्स (Apeks) या ओपन टीममध्ये गेली, गेम चेंजर्समधून थेट ईएमईएच्या (युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका) टॉप लीगमध्ये जाणारी पहिलीच. आनंद झालाच, पण एवढ्या वर्षांनी पहिली म्हणजे वर जायचा जिना अरुंद आहे. प्रत्येक रिजनमध्ये जिंकणाऱ्या टीमला चॅलेंजर्सची (टॉप लीगच्या खालची ओपन लीग) जागा थेट मिळायला हवी, आणि ओपन टीम्सनी त्यांच्यासोबत रेग्युलर स्क्रिम (सराव मॅच) घ्यायला हव्यात, नाहीतर त्याच चार टीम एकमेकींशी खेळत राहणार.

पैशाचं पण बोलूया. 2024 ला रियाधमध्ये मोबाइल लेजेंड्स या गेमच्या महिला स्पर्धेला 5 लाख डॉलरचं बक्षीस, तिथेच त्याच गेमच्या मेन स्पर्धेला 30 लाख. फरक आहे पण निदान रक्कम अशी आहे की टीम पगार देऊ शकते. उलट काउंटर-स्ट्राइकची ईएसएल इम्पॅक्ट 2022 ला सुरू झाली आणि 2025 ला बंद, कारण काय तर आर्थिक गणित जमत नाही. ज्या मुलींनी तीन-चार वर्षं त्या भरवशावर काढली त्यांनी आता कुठे जायचं? मला या विषयात सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, गेम चेंजर्स खेळलं म्हणून ओपन स्पर्धेचं दार बंद होत नाही. "पुरुषांची" आणि "महिलांची" अशी वाटणी करणं वेगळं, ते 2014 ला हर्थस्टोनमध्ये आयईएसएफ या आंतरराष्ट्रीय ई-स्पोर्ट्स महासंघाने करून बघितलं, लोक इतके चिडले की निर्णय फिरवावा लागला, आणि बरंच झालं. सगळ्यांसाठी ओपन आणि त्याच्या जोडीला मुलींसाठी एक, हेच बरोबर आहे.

5 पैकी 4 स्टार, एक कापला तो त्या अरुंद जिन्यासाठी. नवीन असाल तर बर्लिन फायनलपासून सुरू करा, पूर्ण बघा, हरलेले दोन मॅप स्किप करू नका. आणि ज्या मुली रँक्डमध्ये (अनोळखी लोकांसोबतच्या ऑनलाइन रँकच्या मॅचमध्ये) माइक बंद ठेवून खेळतायत त्यांनी चार मैत्रिणी गोळा करून ओपन क्वालिफायरला नाव द्याच, पहिल्याच मॅचला बाहेर पडलात तरी पूर्ण मॅचभर तुमचा कॉल कोणीतरी ऐकलेला असेल.