लीड्स ऱ्हायनोजचं सीझन तिकीट: जिंकायची भूक आहे का?

इंग्लंडमधल्या लीड्सचं हेडिंग्ली म्हटलं की आपल्याला १९९२ मध्ये यॉर्कशायरकडून खेळलेला सचिन आठवतो. त्याच क्रिकेट मैदानाला पाठ लावून रग्बी लीगचं मैदान आहे. मधला स्टँड दोघांचा सामाईक. इथल्या लीड्स ऱ्हायनोज या क्लबनं २००४ ते २०१७ या काळात सुपर लीग, म्हणजे रग्बी लीगची इंग्लंडमधली सर्वोच्च स्पर्धा, ८ वेळा जिंकली, २०१५ मध्ये तर एकाच हंगामात तिन्ही करंडक उचलले. त्यानंतरच्या ८ वर्षांत, म्हणजे २०२५ पर्यंत, हाती लागला तो फक्त २०२० चा चॅलेंज कप, म्हणजे बाद पद्धतीचा करंडक.

पैसा कमी पडला म्हणून घसरण झाली, हे पटत नाही. संघाच्या पगारावर सगळ्यांनाच मर्यादा आहे, साधारण २१ लाख पौंडांची. प्रश्न असतो तो पैसा कुठल्या जागांवर लावला याचा. चेंडू हाती असलेल्या संघाला ६ टॅकल, म्हणजे सहा वेळा अडवलं जाईपर्यंतची संधी मिळते; हा एक ‘सेट’. त्यात चेंडू कुठे न्यायचा हे फुलबॅक, स्टँड-ऑफ, स्क्रम-हाफ आणि हुकर हे चौघं ठरवतात. २०१५ संपताना सिनफिल्ड, पीकॉक आणि लेउलुआई एकदम गेले, २०१७ नंतर बरो आणि मॅग्वायर. सूत्रधारांची आणि पुढच्या फळीतल्या अनुभवी खेळाडूंची एक अख्खी पिढी गेली आणि तोडीची माणसं वेळेत तयार नव्हती. २०१६ आणि २०१८ मध्ये पहिल्या आठांतही जागा मिळाली नाही, वरच्या श्रेणीत टिकण्यासाठी झुंजावं लागलं. २०२२ ची अंतिम फेरी पाचव्या क्रमांकावरून गाठली खरी, पण सेंट हेलन्सनं २४-१२ नं हरवलं. पुढची दोन्ही वर्षं आठवा क्रमांक. स्टँड मात्र २०१९ पर्यंत नवे कोरे झाले होते, म्हणून राग जास्त.

२०२५ नं मत बदलायला लावलं. पॅरामॅटा क्लबला २०२२ च्या एनआरएल या ऑस्ट्रेलियातल्या लीगच्या अंतिम फेरीत नेणारा ब्रॅड आर्थर प्रशिक्षक, आणि हडर्सफिल्डहून आणलेला जेक कॉनर थेट ‘मॅन ऑफ स्टील’, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू. नेमक्या जागी नेमका माणूस! संघ चौथा आला. बाद फेरीत घरच्याच मैदानावर सेंट हेलन्सकडून १४-१६ हार झाली, तीही अगदी शेवटच्या हल्ल्यात. भूक आहे, पण आघाडी असताना सेट पुरा करून पाचव्या टॅकलवर खोल किक मारायची आणि पेनल्टी द्यायची नाही, ही शिस्त अजून पक्की व्हायची आहे.

सीझन तिकिटाला ५ पैकी ४ गुण. तिकीट घेणाऱ्यांनी साउथ स्टँड निवडावा, उभं राहून ८० मिनिटं गाता येत असेल तर. खेळाची मांडणी पाहायची असेल तर समोरच्या नॉर्थ स्टँडमध्ये वरची रांग घ्या. बर्ली पार्क आणि हेडिंग्ली, दोन्ही स्टेशनांवरून चालत जाता येतं.