सिलिॲक: मुलांमधला आणि मोठ्यांमधला

मुलाला सिलिॲक हा आतड्याचा आजार निघाला की डॉक्टर आईवडिलांना आणि भावंडांनाही रक्त तपासून घ्यायला सांगतात. त्यावर अनेक मोठी माणसं म्हणतात, ‘मला कुठे जुलाब होतात?’ आणि विषय तिथेच संपतो. तो संपू नये, कारण जवळच्या रक्ताच्या नात्यात साधारण दहातल्या एकाला हा आजार सापडतो आणि मोठ्या वयात तो जुलाबांवाचूनही असू शकतो.

मूळ आजार एकच. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषणारे तिथले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. वय बदललं की बदलतं ते त्याचं दिसणं.

लहान मुलांमधलं नेहमीचं चित्र ओळखू येण्याजोगं असतं. आहारात ग्लुटेन आल्यानंतर काही महिन्यांत जुलाब सुरू होतात, पोट नगाऱ्यासारखं फुगतं, हातपाय काटकुळे होतात, वजन वाढत नाही आणि मूल सतत किरकिरं होतं. थोड्या मोठ्या मुलांत एवढं ठळक काही नसतं. उंची खुंटते, वयात येणं लांबतं, कायमच्या दातांचं एनॅमल खराब येतं, पोट दुखतं किंवा उलट बद्धकोष्ठच होतं. उंचीचा आलेख घसरत असेल, तर तेवढ्यावरूनही ही तपासणी मागावी.

मोठ्यांत पोट गप्प राहू शकतं. लोहाच्या गोळ्या घेऊनही न सुधारणारा रक्तक्षय, कायमचा थकवा, वयाच्या मानाने लवकर ठिसूळ झालेली हाडं, यकृताच्या चाचण्यांत विनाकारण वाढलेले आकडे, हातापायांना मुंग्या, गर्भ न राहणं किंवा वारंवार गर्भपात होणं, कोपर-गुडघ्यांवर खाजणारे फोड यांपैकी एखादीच तक्रार असते आणि तिचे उपचार वेगवेगळ्या डॉक्टरांकडे वर्षानुवर्षं चालू राहतात. पोट बिघडतं त्यांना ‘आयबीएस’चं, म्हणजे आतड्याच्या नुसत्या चिडचिडेपणाचं लेबल लागतं. वजन जास्त असलेल्या माणसालाही सिलिॲक असू शकतो, हे तर अजूनही अनेकांना पटत नाही. यामागे जुना समज आहे. एके काळी हा मुलांचाच आजार मानला जाई आणि मोठेपणी तो सुटतो अशी समजूत होती. गव्हाशी त्याचा संबंध दाखवून देणारे विलेम डिके हेही बालरोगतज्ज्ञच. त्यांचा प्रबंध १९५० चा. प्रत्यक्षात तो सुटत नाही. किशोरवयात तक्रारी कमी झाल्या तरी आतड्याची झीज चालू राहू शकते.

निदानाची पहिली पायरी दोघांनाही सारखीच: सिलिॲकमध्ये वाढणाऱ्या अँटीबॉडी (प्रतिपिंडं) मोजणारी टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी आणि सोबत एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या अँटीबॉडींचं रक्तातलं प्रमाण. आयजीए मुळातच कमी असेल, तर पहिली चाचणी फसवते. पुढे वाट फुटते. युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार मुलाची टीटीजी-आयजीएची पातळी सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही दुसरी अँटीबॉडी चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर पालकांशी बोलून बायोप्सी, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून तपासणं, टाळता येते. मोठ्यांसाठी मात्र एंडोस्कोपी करून (तोंडातून दुर्बिणीची नळी घालून) आतड्याचे तुकडे तपासणं हाच अजून सर्वसाधारण मार्ग आहे. माझ्या मते मोठ्या माणसाने ती टाळण्याचा हट्ट धरू नये. आयुष्यभराचं पथ्य पक्क्या निदानावर उभं असावं आणि आतड्याची सुरुवातीची अवस्था नोंदलेली असली, तर पुढे सुधारणा कशाशी ताडायची हे कळतं.

काहीही ठरवा, पण तपासणीआधी गहू बंद करू नका. ग्लुटेन थांबलं की अँटीबॉडी उतरतात, अस्तर भरू लागतं आणि निदान हातचं जातं. मग चाचणीसाठी काही आठवडे पुन्हा ग्लुटेन खावं लागतं, आणि ते फार त्रासाचं होऊ शकतं.

पथ्य दोघांना सारखंच, कडक आणि कायमचं. फळ मात्र सारख्या वेगाने मिळत नाही. मुलांचं आतडं बहुधा वर्ष-दोन वर्षांत भरून येतं. वाढ थांबण्याआधी निदान झालं तर राहिलेली उंची बऱ्याच अंशी आणि हाडांची घनताही मिळवता येते. मोठ्यांना बरं वाटायला लवकर लागलं तरी अस्तर पूर्ववत व्हायला अनेकदा वर्षं जातात आणि हाडांचं नुकसान पूर्ण भरेलच असं नाही, म्हणून त्यांनी हाडांची घनता मोजून घ्यावी. पथ्याला दाद न देणारा सिलिॲक आणि आतड्याचा लिम्फोमा हा कर्करोग या दुर्मीळ गुंतागुंती जवळपास मोठ्यांतच दिसतात.

नात्यातल्यांची चाचणी एकदा निगेटिव्ह आली म्हणजे कायमची सुटका नव्हे. आजार कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो, त्यामुळे विशेषतः भावंडांची तपासणी ठरावीक अंतराने पुन्हा करावी लागते. सारखं रक्त काढणं टाळायचं असेल, तर डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकांची चाचणी एकदा करून घ्या. दोन्ही नसतील, तर सिलिॲक होण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. असतील, तर त्यावरून आजार ठरत नाही, कारण ही जनुकं असणाऱ्या बहुतेकांना तो कधीच होत नाही.