बाहीशी अडलेला हात: कृतिविश्लेषणाच्या एका प्रशिक्षणवर्गाविषयी

ऑक्युपेशनल थेरपीच्या (आजार किंवा अपंगत्व असतानाही रोजची कामे करता यावीत यासाठीच्या उपचाराच्या) विद्यार्थ्यांसाठी दैनंदिन कृतींचे विश्लेषण आणि क्लिनिकल रीझनिंग (रुग्णाची अडचण ओळखून उपचार ठरवण्यामागचा विचार) शिकवणारा सहा आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी तो अवश्य करावा, असे माझे मत आहे.

वर्गाचा खरा कस तिसऱ्या आठवड्यात लागतो. डाव्या अंगाचा पक्षाघात झालेली व्यक्ती सदरा घालत असल्याची चित्रफीत सुरू असते, डावा हात बाहीच्या तोंडाशी अडतो, शिक्षिका तिथेच ती थांबवतात आणि विचारतात, “हात का अडला?” आम्ही जवळजवळ सर्वांनी स्नायूंची कमजोरी असे उत्तर लिहिले. त्यानंतरचा पाऊण तास त्या एका उत्तराची चिकित्सा करण्यात गेला. कमजोरी असेल तर खांदा पुरेसा उचलला जाणार नाही. नेग्लेक्ट (मेंदूच्या इजेमुळे एका बाजूकडे लक्षच न जाणे) असेल तर नजरच डावीकडे वळणार नाही. ड्रेसिंग अ‍ॅप्रॅक्सिया (कपडे घालण्याची कृती जुळवता न येणे) असेल तर हातात ताकद असूनही सदरा उलटसुलट धरला जाईल. आणि संवेदना गेली असेल तर कापड कोपराशी गोळा झाल्याचे जाणवणारच नाही. वरवर अडचण एकच असली, तरी उपचाराची दिशा प्रत्येक वेळी वेगळी. बाधित हात बाहीत आधी घालावा आणि काढताना शेवटी काढावा, हा नियम मला पाठ होता; पण ज्याचे त्या हाताकडे लक्षच जात नाही, त्याला तो नुसता सांगून काय उपयोग, हा प्रश्न मला त्या दिवशी प्रथमच पडला.

कृती टप्प्याटप्प्याने सोपी किंवा अवघड करणे आणि शेवटच्या पायरीपासून मागे शिकवत येणे, हे भाग नीटनेटके आहेत.

उणीव आहे ती रीझनिंगच्या मांडणीत. ऑक्युपेशनल थेरपीच्या अभ्यासक फ्लेमिंग यांनी १९९१ मध्ये थेरपिस्टच्या विचाराचे तीन पदर सांगितले: उपचारपद्धतीचा, रुग्णाशी होणाऱ्या संवादाचा आणि त्याच्या बदललेल्या आयुष्याचा. वर्ग पहिल्यावर चार आठवडे खर्च करतो आणि उरलेले दोन पदर एका व्याख्यानात उरकतो. विश्लेषणाच्या तक्त्यात साहित्य, जागा, क्रम, लागणाऱ्या शारीरिक क्षमता या सर्वांना रकाने आहेत. ही कृती या व्यक्तीला का हवी आहे, याला मात्र रकाना नाही. शेवटच्या रुग्ण-प्रकरणाचा तक्ता भरताना मी ते समासात लिहिले. पुढील तुकडीसाठी तो रकाना तक्त्याच्या अगदी सुरुवातीला घालावा, अशी माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे.