स्टेपनी की पंक्चर किट? मराठवाड्यात गाडी चालवणाऱ्यांसाठी

नवी गाडी बघायला गेलात की बोनेटच्या आधी डिकी उघडा. तिच्यात स्टेपनी असेलच असं आता राहिलेलं नाही. 2020 मध्ये केंद्राने नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरची किट असेल, तर कंपनीने स्टेपनी दिली नाही तरी चालतं. काही सीएनजी गाड्यांत तर स्टेपनी काढायची म्हणजे आधी डिकी रिकामी करायची, असा प्रकार असतो.

आपल्याकडे किटचा उपयोग मोठा आहे. रस्त्याकडेला वेडी बाभूळ माजलेली असते. तिचा काटा ट्यूबलेस टायरमध्ये रुतून बसतो आणि हवा हळूहळू कमी होते. अशा वेळी काटा उपटू नका. तोच भोक बुजवून असतो. गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप लावून पाच-सात मिनिटांत हवा भरायची आणि पुढच्या गावातला पंक्चरवाला गाठायचा. जॅक नको, चाक काढायला नको. पंधरा-सोळा किलोचं चाक ज्यांना उचलवत नाही, त्यांच्यासाठी तर पंप फारच सोयीचा. खिळ्याने हवा भसाभसा जात असेल तर पकडीने खिळा काढून टोच्याने भोक घासायचं आणि रबरी पट्टी आत दाबायची. हे एकदा घरासमोर पंक्चरवाल्याकडून शिकून घ्या. टोचा आत घालायला बराच जोर लागतो.

कंपनीच्या किटमध्ये बहुधा पट्टी नसते, भोक आतून बुजवणाऱ्या द्रवाची बाटली असते. तिला मुदत असते, ती एकदाच वापरता येते आणि नंतर टायर आतून धुवावं लागतं. मी तरी आधी पट्टी वापरीन, बाटली अगदीच नाइलाज झाल्यावर.

पण पट्टी काय आणि बाटली काय, दोन्ही चालतात ते टायर जमिनीला टेकतं त्या भागातल्या बारीक भोकालाच. बालाघाटाच्या आतल्या रस्त्यांवर, पाटोदा-आष्टीकडे किंवा गंगाखेडच्या पुढे, समोरून उसाची ट्रॉली आली की आपल्याला साइडपट्टीवर उतरावं लागतं. डांबराची कड उंच, खाली खड्डा. तिथे टायर साइडने कट होतं. त्यावर कुठलीच किट चालत नाही. तिथे स्टेपनीच लागते. आडगावात तुमच्या मापाचं टायर मिळेल हा भरवसा धरू नका.

स्टेपनी नुसती असून भागत नाही. वर्षानुवर्षं न बघितलेल्या स्टेपनीत हवा नसते, म्हणून महिन्याकाठी हवा भरताना पाचवं चाकही तपासून घ्या, दाब तीन-चार पीएसआय जास्तच ठेवा. टायरवर चार आकडी तारीख असते. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हाळ्यात न वापरलेलं रबरही म्हातारं होतं. स्टेपनी अरुंद, तात्पुरती असेल तर तिच्यावर लिहिलेला वेग पाळा, बहुधा ताशी 80 किलोमीटर असतो.

सोबत हातभर जाड फळी ठेवा. पावसाळ्यात काळ्या मातीत जॅक सरळ आत जातो, गाडी वर येतच नाही. नट गनने आवळलेले असतात, गाडीबरोबरच्या आखूड पान्याने ते हलत नाहीत. लांब दांड्याचा पाना घ्या. गाडी उचलण्याआधीच नट थोडे ढिले करायचे, हँडब्रेक ओढायचा, तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावायचा.

समृद्धी महामार्गावर मात्र हिशोब उलटा होतो. जालना, संभाजीनगरच्या पट्ट्यात गाड्या ताशी 120 ने जातात. उजवं चाक गेलं तर वाहतुकीकडे पाठ करून नट खोलत बसू नका, स्टेपनी असो वा नसो. हळूहळू हवा जात असेल तर पंपाने भरून बाहेर पडा. नाहीतर गाडी कडेला, इशाऱ्याचा लाल त्रिकोण लांब मागे, माणसं कठड्यापलीकडे, आणि फोन. राष्ट्रीय महामार्गावर 1033, कुठेही 112.

माझं मत असं: शहरात आणि मोठ्या महामार्गावरच फिरणार असाल तर पट्टी-पंपावर भागेल. शेत, सासर, नोकरी तालुक्याच्या आत असेल तर स्टेपनीवालीच गाडी घ्या, आणि पंप वरून घ्या. तो साधारण दीड ते तीन हजारांत मिळतो. एकच परवडत असेल तर स्टेपनी.

विम्यासोबतची रस्त्यावरची मदत या दोन्हींची जागा घेत नाही. इंजिन बंद पडलं, बॅटरी उतरली तर ती कामाची. पैसे भरण्याआधी एवढं विचारा की तुमच्या गावापर्यंत टोइंगची गाडी कुठून येते, किती किलोमीटर फुकट ओढून नेते, आणि रात्री येते का.