‘जो’ मोजणारं ॲप: सात महिन्यांनंतर

जो म्हणजे खोली मोजायचं जपानी माप, जमिनीवर अंथरायच्या एका तातामी चटईएवढं. सहा जोचा गालिचा अंथरला आणि तो दोन भिंतींवर चढला. लांबीला 12 सेंमी जास्त, रुंदीला 6. त्याच रात्री ॲपला एक तारा देऊन टाकणार होतो. बायको म्हणाली, "आत्ता चिडलायस, उद्या दे." ते उद्या सात महिन्यांनी उजाडलं.

चौरस सेंमी टाका, जो मिळवा. ॲपचं काम एवढंच. जाहिराती नकोत म्हणून 250 येन मोजलेत, त्यामुळे बोलायचा हक्क आहे. आमची तोक्योतल्या निशि-कासाईच्या जुन्या वसाहतीतली खोली 340 बाय 255, म्हणजे 86,700 चौरस सेंमी. ॲप म्हणालं 5.25 जो. खाली पाहतो तर तातामी सहा! पुन्हा मोजल्या. सहाच. ॲपला मूर्खात काढून दुकानातून सहा जोचा गालिचा उचलला.

आता कबूल करतो, चूक माझी. गालिचा होता तातामीच्या एदोमा मापाचा, 261 बाय 352. आमच्या तातामी दान्चिमा, म्हणजे 170 बाय 85. एदोमा 176 बाय 88, चुक्योमा 182 बाय 91, आणि क्योतोकडची क्योमा थेट 191 बाय 95.5. ॲप मुळात अर्धा त्सुबो (क्षेत्रफळाचं जपानी एकक), म्हणजे सुमारे 16,529 चौरस सेंमी, धरून चालतं. घरांच्या जाहिरातीत एक जो 1.62 चौ. मीटरहून कमी धरता येत नाही, पण तिथे माप भिंतीच्या मध्यापासून. म्हणजे अर्धी भिंतही आपल्याच खोलीत! आजोबा घर खणांत सांगायचे. तुमचा खण केवढा, असं त्यांना कुणी विचारलं नाही, कारण गालिचा आणायचा नव्हता.

मराठीत ‘जो’ आला की ‘तो’ यावा लागतो. इथे ‘तो कोणता?’ हे ॲपने आधी विचारायला हवं. विचारत नाही. चौथ्या महिन्यात ‘जो’वर बोट जरा जास्त वेळ राहिलं आणि चारही मापांची यादी उघडली. दान्चिमा निवडलं: 6.00. अक्षरशः टाळी वाजवली. मग तीन महिने घरातलं दिसेल ते मोजत सुटलो.

आणि तिथेच नवं दुखणं सापडलं. दशांशानंतर दोनच आकडे! देव्हाऱ्याचा पाट 45 बाय 30, उत्तर 0.09. ठीक. उदबत्तीचं घर 10 बाय 7, उत्तर 0.00. अहो, समोर दिसतंय ते, राख पडतेय! लहान एककं घ्यायची आणि उत्तर शून्य द्यायचं, मग चौरस सेंमीचा पर्याय ठेवलाच कशाला? ॲपवाल्यांना दोनदा लिहिलं, उत्तर नाही. ‘हे निरुपयोगी माप कोण मोजतं’ असं बायकोनेही विचारलं, ते सोडा.

तीन तारे. दशांश वाढवले तर चौथा लगेच. गालिचा अजून दोन बाजूंनी दुमडलेलाच आहे; परत पाठवायचा खर्च विचारला होता, मग दुमडणंच परवडलं.