बीकन, प्रोब आणि फावडं: गुलमर्गचे दोन हिवाळे वापरल्यानंतर

गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावर गंडोल्याचा (केबल कारचा) दुसरा टप्पा सुमारे 3,950 मीटरवर सोडतो. गस्तीपथकाच्या ताब्यातला उतार संपला की पुढचं आपलं आपण बघायचं. दोन हिवाळे मिळून चारेक महिने तिथे स्की केलं, रोज हिमस्खलनात गाडलेल्याला शोधून काढायचं हे त्रिकूट घेऊन: बीकन, प्रोब, फावडं. आधीच सांगतो, हिमस्खलनात मी कधी सापडलो नाही. जे लिहितोय ते सगळं सरावातलं.

बीकन म्हणजे सिग्नल सोडणारं आणि पकडणारं छोटं रेडिओयंत्र; ते छातीवर, जाकिटाच्या आत बांधायचं. ते 457 किलोहर्ट्झवर सिग्नल सोडत राहतं. कुणी गाडलं गेलं की बाकीचे आपापली बीकन शोधावर टाकतात. फ्रिक्वेन्सी सगळीकडे हीच, त्यामुळे कंपन्या वेगळ्या असल्या तरी अडत नाही. पण पडद्यावरचा बाण सरळ माणसाकडे नेत नाही, चुंबकीय रेषेबरोबर वळसा घालून नेतो. दुकानात हे कुणी सांगितलं नव्हतं. निघण्याआधी पुण्यात तळजाईवर बायकोने एक बीकन डब्यात घालून वाळक्या गवतात लपवलं. मी बाणापेक्षा शहाणा, सरळ चालत सुटलो. 11 मिनिटं गेली. फिरायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "काय हरवलंय?" मी म्हटलं, "बर्फात गाडलेला माणूस शोधतोय." त्यांनी चाल वाढवली.

ती 11 मिनिटं तेव्हा हसण्यावारी गेली. पण पूर्ण गाडलेला माणूस पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर आला तर जगण्याची आशा चांगली असते, अर्ध्या तासानंतर फारच कमी. बचावपथकाची वाट बघण्याइतका वेळ नसतो, सोबतच्यानेच काढायचं.

गुलमर्गला एकदा शोधाच्या सरावात बीकनच्या पडद्यावरचे अंतराचे आकडे नाचायला लागले, 18, 31, 9. मोबाईल छातीच्याच खिशात होता! शोधताना तो निदान 50 सेंटिमीटर लांब हवा, एरवी 20. आता तो सॅकमध्ये, बंद करून.

प्रोब म्हणजे बर्फात खुपसून माणूस नेमका कुठे आहे ते चाचपायची लांब काठी; माझा 2.4 मीटरचा, ॲल्युमिनियमचा. बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात खुपसायचा आणि लागला की उपसायचा नाही, कुठे खणायचं त्याची तीच खूण. दगडाला लागला तर टणक धक्का बसतो, माणसाला लागला तर किंचित दबतो. सरावाला आम्ही कपडे भरलेली सॅक पुरली होती.

पैसे वाचवायचे तर फावड्यावर वाचवू नका. पहिलं फावडं मी प्लॅस्टिकचं, हलकं म्हणून घेतलं. थांबलेलं हिमस्खलन भुसभुशीत राहत नाही, घट्ट होतं. ढिगावर चौथ्या घावाला पातं वाकलं. आता ॲल्युमिनियमचं, लांब दांड्याचं आहे. खड्डा प्रोबपाशी खणायचा नाही, उताराच्या खालच्या बाजूने आत शिरायचं. मीटरभर खोल जाईपर्यंत दोघांची कंबर मोडते.

एअरबॅग, म्हणजे हिमस्खलनात फुगणारी पिशवी असलेली सॅक, घेतली नाही. चिवड्याचा डबा हलवला की चुरा तळाशी आणि मोठं वर, त्याच तत्त्वावर ती माणसाला वर ठेवते; उपयोगी आहेच. पण गॅसच्या नळकांडीसाठी विमान कंपनीशी आधीच बोलावं लागतं, आणि किंमत माझ्या पूर्ण त्रिकुटाच्या वर.

बीकन भाड्याने घेणार असाल तर झाकण उघडून बघा. माझ्या जोडीदाराला एका दुकानातून मिळालेलं सुरू व्हायचं, पण आत सेल पाझरून पट्ट्या हिरव्या झाल्या होत्या. सकाळच्या तपासणीत त्याचा सिग्नल मला पाच पावलांवरही लागेना, म्हणून कळलं. त्या दिवशी आम्ही वर गेलो नाही, खाली कहवा पीत बसलो. माझे सेल पावसाळ्याआधीच काढून ठेवलेत.