मनगटावरच्या बँडने मोजलेली झोप

दोन-अडीच हजार रुपयांत मिळणारा हा स्लीप ट्रॅकर बँड आपण किती वाजता झोपलो आणि किती वाजता उठलो हे बऱ्यापैकी सांगतो. झोप कशी होती हे त्याला नीटसे कळत नाही, आणि तरीही रोज सकाळी तो नेमके तेच ठासून सांगतो. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेले बरेचसे या किमतीच्या कोणत्याही बँडला लागू पडेल. पावसाळाभर तो वापरला. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना झोप, जाणीव आणि अध्ययन हे पाठ शिकवणे हा माझा व्यवसाय असल्याने बँडचे दावे त्या पाठांशी ताडून पाहण्याचा मोह आवरला नाही.

झोपेच्या अवस्था मुळात मेंदूच्या विद्युत्-लहरींवरून ठरवल्या जातात. हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत्-आलेख घेतला आणि 1953 मध्ये शिकागो विद्यापीठातील असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची, म्हणजे रेम झोपेची नोंद प्रसिद्ध केली. आजही निद्रा-प्रयोगशाळेत डोके, डोळ्यांच्या कडा आणि हनुवटी येथे इलेक्ट्रोड चिकटवून दर तीस सेकंदांच्या तुकड्याला अवस्था दिली जाते. बँडकडे यांपैकी काहीच नाही. हाताची हालचाल टिपणारा संवेदक आणि हिरव्या प्रकाशाने नाडी मोजणारा दिवा, एवढ्याच सामग्रीवर तो मेंदूत काय चालले असावे याचा अंदाज बांधतो.

हा अंदाज दिसायला फार पटण्याजोगा असतो. आलेखात गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात जास्त आणि रेम झोप पहाटेकडे वाढत जाणारी दिसते, चक्रेही साधारण नव्वद मिनिटांची दिसतात. परंतु निरोगी प्रौढाची झोप सर्वसाधारणपणे अशीच असल्याने नुसत्या घड्याळाकडे पाहूनही असा आलेख काढता येईल. खरी कसोटी लागते ती माणूस जागा असूनही निश्चल पडलेला असतो तेव्हा. वामकुक्षीच्या वेळी उशीला टेकून मी वर्तमानपत्र वाचत होतो, ती पाऊण तासाची वेळ बँडने ‘हलकी झोप’ म्हणून जमा केली. हालचालीवर चालणाऱ्या उपकरणांचा हा जुना दोष आहे: झोप ओळखण्यात ती सहसा चुकत नाहीत, जाग ओळखण्यात चुकतात. त्यामुळे ज्याला अनिद्रेचा त्रास आहे आणि जो तासन्‌तास डोळे मिटून तळमळ न करता पडून राहतो, नेमक्या त्याच माणसाला हे यंत्र ‘तुम्ही छान झोपलात’ असे सांगण्याची शक्यता अधिक.

याहून गंभीर आक्षेप सकाळी दिसणाऱ्या शंभरपैकी गुणांना आहे. हे गुण कसे काढले जातात ते कंपनी सांगत नाही. ते मटक्याच्या आकड्यासारखे रोज वेगळे येतात, आणि साधक अभिसंधानाच्या, म्हणजे फळ मिळाल्याने वर्तन कसे पक्के होते याच्या, पाठात मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचा जो मुद्दा शिकवला जातो, की अनिश्चित अंतराने मिळणाऱ्या प्रबलनाने (बक्षिसाने) लागलेली सवय सुटता सुटत नाही, तो इथे तंतोतंत लागू पडतो. डोळे उघडताच हात आधी मोबाइलकडे जाऊ लागतो. कमी गुणांचा परिणामही केवळ मनाच्या खट्टूपणापुरता राहत नाही. 2014 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना त्यांची रेम झोप सरासरीपेक्षा जास्त किंवा कमी झाल्याचे खोटेच सांगण्यात आले, आणि ज्यांना ‘कमी’ सांगितले त्यांची आकडेमोडीच्या चाचणीतील कामगिरी घसरली. झोपेचे आकडे आदर्श करण्याच्या नादात उलट झोपच बिघडवून घेणाऱ्या रुग्णांसाठी 2017 मध्ये संशोधकांनी ‘ऑर्थोसोम्निया’ असे नावही सुचवले.

त्यात भर म्हणजे ऐन निजायच्या वेळी ‘आजचे लक्ष्य पाहा’ ही सूचना वाजते. अनिद्रेवरील वर्तनोपचारात रिचर्ड बूटझिन यांनी 1972 पासून मांडलेले तत्त्व याच्या बरोबर उलट आहे. अंथरुणाचा संबंध केवळ झोपेशी जुळावा, झोप येईना तर उठून दुसऱ्या खोलीत जावे आणि डोळे जड झाले की परत यावे, असे ते सांगते. बँड मात्र अंथरुणाचा संबंध परीक्षेशी जोडून देतो. सुदैवाने ही सूचना बंद करता येते, पण ते बटण सेटिंगच्या चौथ्या पानावर दडवलेले आहे.

अ‍ॅपच्या सशुल्क भागात ‘झोपेत शिका’ नावाचा विभाग आहे. त्यात इंग्रजी शब्द आणि सामान्यज्ञानाचे प्रश्न रात्रभर हळू आवाजात ऐकवले जातात. त्यासाठी एक रुपयाही देऊ नये. सायमन आणि एमन्स या संशोधकांनी 1956 मध्येच मेंदूचा आलेख समोर ठेवून हे तपासले होते. माणूस खरोखर झोपलेला असताना ऐकवलेली उत्तरे सकाळी जवळपास आठवत नव्हती, आठवली ती अर्धवट जागेपणी कानावर पडलेली. झोप आणि स्मरण यांचा संबंध आहे, पण तो निराळा: आधी जागेपणी शिकलेले झोपेत पक्के होते. 2007 मधील एका जर्मन प्रयोगात गुलाबाच्या वासात पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा पाठ करवून घेतल्या, गाढ झोपेत तोच वास पुन्हा दिला, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागा अधिक चांगल्या आठवल्या. नवे काही त्या वासाने शिकवले नव्हते. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना हा विभाग विशेष करून विकला जातो, याचे वाईट वाटते. त्यांनी रात्रीचा तो आवाज बंद करून सात तास झोपणे अधिक फायद्याचे.

पट्टा घामाने खाजतो, बॅटरी आठवडाभर टिकते. जमेची बाजू एवढीच, पण खरी, की झोपण्या-उठण्याच्या वेळा किती बेशिस्त आहेत हे महिन्याच्या तक्त्यात लख्ख दिसते आणि शनिवार-रविवारची घसरगुंडी नाकारता येत नाही. रक्तातील प्राणवायूचा आकडाही तो दाखवतो. त्यावर विसंबून मात्र कोणी निर्धास्त होऊ नये. घोरताना मध्येच श्वास थांबतो असे घरच्यांनी सांगितले, तर बँडचे गुण कितीही चांगले असोत, डॉक्टरांकडे जाऊन झोपेची रीतसर तपासणी करून घ्यावी.

वर्गणी मी पुढे चालू ठेवलेली नाही. बँड ठेवला आहे. गुणांचा चौकोन मुख्य पडद्यावरून काढून टाकता येतो, तो काढून टाकला आणि आता फक्त वेळांचा तक्ता महिन्याअखेरीस पाहतो.